नाव एक, काम भलतंच

परवा एक जुना पीएचपी प्रोजेक्ट ८.२ वर नेला आणि लॉग भरून वाहायला लागला. ओळीओळीला एकच कटकट, युटीएफ८_एन्कोड डेप्रिकेटेड आहे म्हणून. शेजारच्या मित्राची प्रतिक्रिया ठरलेली: "चालणारा कोड कशाला मोडतात रे हे लोक?"

चालणारा? मंडळी, हे फंक्शन करतं काय ते बघा. नावावरून वाटतं, कुठलाही मजकूर द्या, युटीएफ-८ होऊन मिळेल. प्रत्यक्षात ते गृहीतच धरतं की मजकूर लॅटिन-१ मध्ये, म्हणजे पश्चिम युरोपच्या एन्कोडिंगमध्ये आहे. 'मराठी' हा शब्द युटीएफ-८ मध्ये १५ बाइट्सचा. तो यात घाला, ३० बाइट्स बाहेर पडतात आणि स्क्रीनवर तिरकी रेघवाल्या रोमन 'ए'ची रांग लागते. एरर नाही, वॉर्निंग नाही. जोडीदार युटीएफ८_डीकोड तर त्याहून थोर! 'मराठी'ची पाच प्रश्नचिन्हं करतो, आणि ती पुन्हा मराठी होत नाहीत.

आमच्या प्रोजेक्टमध्ये ग्राहकांची नावं साठवताना एन्कोड, वाचताना डीकोड. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकायच्या, पान झकास दिसायचं. मग कुणीतरी थेट डेटाबेसमधून यादी काढून कुरिअरची लेबलं छापली. एक नाव वाचता येईना.

बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटीशी माझं वैर नाही. जुना कोड वर्षानुवर्षं चालतो म्हणून तर लोक पीएचपी सोडत नाहीत. पण कोड थांबला तर 'मोडला' आणि मुकाट्याने डेटा नासवत राहिला तर 'चालतोय', हा कुठला हिशोब? खरोखर लॅटिन-१ साठी ही फंक्शन्स वापरणाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. पर्याय म्हणून एमबी_कन्व्हर्ट_एन्कोडिंग घ्यावं, तर एमबीस्ट्रिंग प्रत्येक सर्व्हरवर असतंच असं नाही. तरी तिथे 'कशातून कशात' हे लिहून देता येतं, आणि नेमकं तेच इथे लपलं होतं.

माझी तक्रार उलटी आहे: इतका उशीर का? २०१७ मध्ये ७.२ आलं तेव्हा ही जोडी एक्सएमएल एक्स्टेन्शनमधून उचलून थेट गाभ्यात आणून बसवली. म्हणजे चूक करणं आणखी सोपं! डेप्रिकेट व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं, आणि कायमची हकालपट्टी ९.० मध्ये ठरली आहे.

असो. मित्राला दोन्ही कॉल्स लगेच उडवायचे होते, मी हात धरला. तसं केलं तर आजवर बरी दिसणारी सगळी नावं एका रात्रीत बिघडतील. आधी टेबल निस्तरतोय, मग कोड. रविवार गेला :)