पळणारे, धावणारे आणि आम्ही

मराठी भाषेने पायांच्या एकाच व्यापाराला दोन क्रियापदे बहाल केली आहेत आणि त्यांच्या नीतिमत्तेत चांगलेच अंतर ठेवले आहे. माणूस दुसऱ्याच्या मदतीला धावतो, संकटातून मात्र पळून जातो. देव भक्ताच्या हाकेला धावतो. रणांगणातून शत्रू पळ काढतो. 'धावपटू' हे बिरुद आहे आणि 'पळपुटा' ही शिवी. थोडक्यात, धावणाऱ्याच्या पुढे काहीतरी असते आणि पळणाऱ्याच्या मागे. आता ज्याच्या पुढेही काही नाही आणि मागेही कोणी लागलेले नाही, असा मनुष्य भल्या पहाटे घामाघूम होऊन रस्त्याने जात असेल, तर त्याच्यासाठी कोणते क्रियापद योजावे? हा प्रश्न वैयाकरणांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण आम्ही स्वतःच त्या पंथातले असल्यामुळे आम्हांला तो रोज सकाळी पडतो.

आमचा बुलडाणा जिल्हा दुमजली आहे. इथली माणसे स्वतःची ओळख 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' अशी करून देतात. वरच्या मजल्यावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. खालच्या मजल्यावर पूर्णेच्या खोऱ्यातली मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे. मधले घाटरस्ते म्हणजे या घराचे जिने. बुलडाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट हा त्यांतलाच एक. हौशी माणसाला नम्रता शिकवण्याचे काम हा घाट विनावेतन करतो. उतरताना जी गती आपली वाटते ती वस्तुतः पृथ्वीची असते, हे सत्य परत चढताना पोटऱ्यांना समजते. भूगोलाच्या पुस्तकात अजिंठ्याची डोंगररांग एका ओळीत संपते. पायांना ती इतक्या लवकर संपल्याचा अनुभव नाही.

रस्त्यावर भेटणाऱ्यांच्या शंका मात्र भूगोलाच्या नसतात. "काहून पळून राह्यले भाऊ, काही झालं काय?" ही पहिली. 'काही नाही, सहज' या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. उलट संशय बळावतो. 'डॉक्टरांनी सांगितलं' असे म्हटले की त्याच्या चेहऱ्यावरची रेषा सैल होते. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांपैकी एखाद्याचे नाव घेतले तर सहानुभूतीही मिळते. आपल्या समाजात आजारासाठी धावलेले चालते, नोकरीसाठी धावलेले चालते, बस पकडण्यासाठी तर धावलेच पाहिजे. केवळ आवडते म्हणून धावणे हे अजून कोणत्याही रकान्यात बसलेले नाही.

ज्यांचा रकाना ठरलेला आहे, अशी मंडळी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी आमच्या बाजूने सपकन पुढे जातात. ही भरतीची पोरे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक असते. पन्नास गुणांपैकी लांब धावेचे वीस. १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत संपवणाऱ्याला ते वीसच्या वीस मिळतात. त्यापुढे सेकंद वाढतील तसे गुण गळत जातात. या सगळ्याला त्यांच्या भाषेत नाव एकच, 'ग्राउंड'. त्यांच्यातल्या एकाने आमच्या वयाकडे आदराने पाहत विचारले होते, "काका, तुमचं ग्राउंड कधी आहे?" आम्ही हसलो, पण प्रश्न निरागस होता. ग्राउंडच नसेल तर माणूस पाचला उठेल कशाला?

आमच्या मनगटावर घड्याळ आहे आणि त्यांच्याही आहे. आमचे घड्याळ काही सेकंद मागे पडले तर आमचे काय जाते? न्याहारीला बसेपर्यंत विसर पडतो. त्यांचे तेवढेच सेकंद मागे पडले तर घरातली एक नोकरी जाते, कदाचित एक लग्न लांबते. तेव्हा धावण्याच्या निर्भेळ आनंदावर आम्ही त्यांना प्रवचन देऊ लागलो, तर ते पोटभर जेवलेल्याने उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे होईल.

ॲलन सिलिटो या इंग्रज लेखकाच्या १९५९ सालच्या एका प्रसिद्ध कथेत सुधारगृहातला एक मुलगा पहाटे एकटा धावतो. तिथल्या अधिकाऱ्याला त्याच्या पायांवर संस्थेसाठी चषक जिंकायचा असतो. शर्यतीत सर्वांच्या पुढे असलेला हा मुलगा अंतिम रेषेच्या अलीकडे मुद्दाम थांबतो आणि हरतो. आपले धावणे दुसऱ्याच्या मालकीचे होऊ देत नाही. कथा वाचताना आम्हांलाही स्फुरण चढले होते. पण घाटाच्या रस्त्यावरच्या कुठल्या पोराला असे थांबणे परवडणार आहे? बंडालाही थोडी शिल्लक लागते.

आणि नोकरीसाठी धावलेल्या पायांचे पुढे काही होत नाही असेही नाही. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये, सियाचेनलाही राहिला. स्पर्धात्मक धावणे त्यानंतर आले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला. पण साबळे एक. बाकीच्यांचे काय?

आमचे म्हणणे इथून सुरू होते. पोलीस भरतीची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गांना ३३ वर्षे. ती ओलांडली की मुलगा धावणे सोडतो. निवड झाली तरी बहुधा सोडतो. साधले ते साधले. म्हणजे दहा-दहा वर्षे पहाटे उठून कमावलेली छाती, तो श्वास, ती लय, हे सारे एका निकालाच्या कागदाबरोबर फाइलबंद होते. मुलींच्या बाबतीत तर त्याहून कठीण. आमच्या भागातल्या मुलीला अंधार असताना घराबाहेर पडून रस्त्यावर धावण्याचा परवाना मिळतो तो 'भरतीची तयारी करते' या तीन शब्दांनी. भरती संपली की परवाना संपला. तीच मुलगी, तोच रस्ता; पण आता तिने धावायचे म्हटले तर पहिला प्रश्न, 'आता कशाला?'

या 'कशाला'चे उत्तर देण्याची सक्ती नसावी, एवढीच आमची मागणी आहे. ती परदेशी नाही. ज्ञानोबांची पालखी वेळापूरला पोचण्याआधी वारकरी उतारावरून धावत सुटतात. त्याला 'धावा' म्हणतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. पंढरपूर अजून काही मुक्काम दूर असते. धावल्याने कोणी आधी पोचत नाही, वेळेची नोंद होत नाही, पहिला-दुसरा क्रमांक काढला जात नाही. साठीच्या आजीबाईही पदर खोचून धावतात आणि कोणी त्यांना शुगरबद्दल विचारत नाही.

आमच्याच जिल्ह्यातला दुसरा दाखला चार पायांचा आहे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटरची पायपीट करून डिसेंबरात बुलडाणा-खामगावच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती. म्हणजे आमच्या मनगटावर असते तसलेच यंत्र, फक्त त्याला आकडे मित्रांना दाखवायचे नव्हते. जाणकारांनी त्याच्या भटकंतीचे हेतू सांगितले: हद्द, शिकार, जोडीदारीण. असतीलही. मात्र आमच्या माहितीप्रमाणे त्याला वाटेत अडवून 'काहून राजा?' असे कोणी विचारले नाही.

माणसांनाही तेवढी मुभा मिळायला हरकत नाही. तालुक्याची क्रीडांगणे भरतीच्या हंगामापुरती जागी न राहता वर्षभर उघडी राहावीत, पहाटे रस्त्यावर दिवे असावेत, आणि तिशी उलटलेली, भरतीत नापास झालेली, संसाराला लागलेली बाई बूट घालून निघाली तर शेजाऱ्यांनी दार लोटून आपला चहा प्यावा. क्रियापदाचा प्रश्न मग मागाहून सोडवता येईल. तूर्त आम्ही 'धावतो' असेच म्हणतो. राजूर घाट चढताना आम्हांला पाहिलेल्यांना तेही अतिशयोक्त वाटते, ही गोष्ट निराळी.