हौजीचा पैसा आणि दुसऱ्याचे घर

हार्बर लाइनने रोज जा-ये करणाऱ्या आपल्या वाचकांना मशीद बंदर स्टेशन चांगलेच माहीत आहे. हे नाव मुसलमानांच्या मशिदीवरून पडले असेल असे आपण धरून चालतो. जुने मुंबईकर मात्र सांगतात की, सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ साली बांधलेले ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ आहे, त्याला लोक 'जुनी मशीद' म्हणत आणि त्यावरून स्टेशनला नाव मिळाले. त्याच लाइनच्या आपल्या टोकाला, पनवेलमध्ये, १८४९ सालचे बेथ एल सिनेगॉग आजही उभे आहे. हे लोक म्हणजे बेने इस्राएल. कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. बोली मराठी, आडनावे गावावरून पडलेली, पेणकर, नवगावकर अशी. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या वर्षांत यांच्यातले बहुसंख्य तिकडे गेले.

हे आधी सांगण्याचे कारण असे की आज ज्या विषयावर लिहायचे आहे तो ज्यू धर्माचा किंवा ज्यू माणसांचा नाही. विषय धर्मादाय पैशाचा आहे. मी बी.कॉम. झालेला कारकून. पैसा कोणाच्या खिशातून निघाला, कोणत्या पावतीवर चढला आणि शेवटी कशावर खर्च झाला, एवढे मला पाहता येते. तेवढेच पाहू.

जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने पूर्व जेरुसलेम, जॉर्डन नदीचा पश्चिम काठ म्हणजे वेस्ट बँक, आणि गाझा हे भाग जिंकून घेतले. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ४९ वे कलम सांगते की जिंकलेल्या मुलखात जिंकणाऱ्याने आपली माणसे नेऊन वसवू नयेत. तरीही तेथे वसाहती झाल्या. आज पूर्व जेरुसलेम धरून वसाहतवाले सात लाखांहून अधिक आहेत. १९ जुलै २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लामतात या वसाहती बेकायदा असल्याचे सांगितले. इस्रायल सरकारला ते मान्य नाही. हे सरकारचे झाले. परंतु या वसाहतींमागे दुसराही पैसा आहे, खासगी दानाचा, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ हवाइयन गार्डन्स नावाचे एक शहर आहे. शहर म्हणायचे, पण क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस मैल आणि वस्ती चौदा हजारांच्या आसपास, बरीचशी मेक्सिकोकडून आलेल्या कष्टकऱ्यांची. तेथे बिंगोचा एक मोठा हॉल होता. बिंगो म्हणजे आपली हौजी. आपल्याकडे गणपतीत सोसायटीच्या आवारात किंवा सहलीच्या बसमध्ये खेळतात तीच, आकडा पुकारायचा आणि कागदावर खोडायचा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे पैसे लावून बिंगो चालवण्याची मुभा साध्या व्यापाऱ्याला नाही, फक्त धर्मादाय आणि तत्सम संस्थांना आहे. नफा धर्मादाय कामाला गेला पाहिजे आणि हॉलमध्ये राबणाऱ्यांना पगार देता येत नाही. म्हणून तेथली माणसे 'स्वयंसेवक' होती, गिऱ्हाइके जी बक्षिसी देतील त्यावर घर चालवणारी.

१९८८ पासून हा हॉल डॉ. अर्विंग मॉस्कोविट्झ यांच्या नावाच्या फाउंडेशनने चालवला. हे गृहस्थ डॉक्टर, इस्पितळांच्या धंद्यात पैसा मिळवलेले, राहायला फ्लोरिडात. फाउंडेशनने त्या गावातही काही दिले, गरिबांसाठी अन्नधान्य वाटपाला पैसे दिले, हे नोंदवले पाहिजे. पण कोट्यवधी डॉलर गेले ते हजारो मैल दूर, पूर्व जेरुसलेममध्ये आणि वेस्ट बँकेत वसाहती करणाऱ्या संस्थांकडे. स्वतः मॉस्कोविट्झ यांनी १९८५ मध्ये जेरुसलेमच्या शेख जर्राह भागातले शेफर्ड हॉटेल विकत घेतले होते. जानेवारी २०११ मध्ये ते पाडण्यास सुरुवात झाली, ज्यू वसाहतीची घरे बांधण्यासाठी. रास अल-अमूद या अरब मोहल्ल्यातली जागाही त्यांचीच. सप्टेंबर १९९७ मध्ये तेथे वसाहतवाली कुटुंबे घुसली तेव्हा मोठा गहजब झाला होता. २०१६ साली ते वारले.

म्हणजे एकीकडे दिवसभर राबून आलेली बाई चार डॉलरची हौजी खेळते, नशीब काढायला बघते. बिनपगारी पोरे तिला चहा-कॉफी आणून देतात. आणि त्या टेबलावर उरलेला पैसा पलीकडच्या खंडात जाऊन एका तिसऱ्याच गरिबाच्या मोहल्ल्यात वसाहत उभारतो. त्या बाईला कोणी विचारले नव्हते. तिला जेरुसलेम फक्त चर्चमध्ये ऐकून माहीत.

कोणी म्हणेल, श्रीमंत माणूस आपल्या पैशाचे काय करतो हा त्याचा प्रश्न. येथेच हिशेबाची मेख आहे. धर्मादाय संस्थेला दिलेले दान अमेरिकेत करातून वजा होते. ज्याला ३५ टक्के कर पडतो त्याने १०० डॉलर दिले तर ३५ डॉलर कर वाचतो. त्याच्या खिशातून गेले ६५. उरलेले ३५ सरकारी तिजोरीने सोडले, म्हणजे शाळा, रस्ते, दवाखाने यांच्या वाट्याचे गेले. दानशूर म्हणून फोटो मात्र एकाचाच छापून येतो! 'हारेट्झ' या इस्रायली दैनिकाने डिसेंबर २०१५ मध्ये कागदपत्रे तपासून दाखवून दिले की २००९ ते २०१३ या पाच वर्षांत अमेरिकेतल्या निदान ५० करमुक्त संस्थांनी वसाहतींकडे सुमारे २२ कोटी डॉलर पाठवले. गंमत अशी की ओबामांचे सरकार या काळात या वसाहतींविरुद्ध बोलत होते. तोंडाने नको म्हणायचे आणि कराच्या वहीत सूट द्यायची.

परदेशातल्या संस्थेला थेट दिलेल्या दानावर अमेरिकेतही सहसा सूट नाही. म्हणून तिकडे 'अमुक संस्थेचे अमेरिकन मित्र' अशा नावाची स्थानिक संस्था काढतात. पावती मित्रांची, पैसा परदेशी. आपल्याकडे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यापासून यापेक्षा कडक धोरण आहे. भारतातल्या धर्मादाय संस्थेने परदेशात पैसा खर्च केला तर, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी असल्याखेरीज, त्या रकमेवर करमाफी मिळत नाही. आपण ज्या पावतीला 'ऐंशी-जी' म्हणत आलो, तिच्यामागेही हेच तत्त्व: सूट देते जनता, म्हणून काम जनतेचे झाले पाहिजे. (नव्या करपद्धतीत बसणाऱ्यांना ती सूट मिळत नाही, हे जाता जाता सांगतो. पावती घेऊन कपाटात ठेवून उपयोग नाही.)

आता सर्वांत बोलके प्रकरण. जेरुसलेमच्या जुन्या शहराला लागून सिलवान हा भाग आहे, त्यात बतन अल-हवा नावाची उतारावरची दाट वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येमेन देशातून आलेले अत्यंत गरीब ज्यू येथे राहत. त्यांना निवारा मिळावा म्हणून काही भल्या माणसांनी एक ट्रस्ट केला. पुढे १९३० च्या दशकातल्या दंगलींत त्या येमेनी कुटुंबांना तेथून निघावे लागले. ट्रस्ट कागदावर राहिला. जागेवर काळाच्या ओघात पॅलेस्टिनी कुटुंबे आली, त्यांतल्या अनेकांनी घरे पैसे मोजून घेतलेली. २००१ मध्ये इस्रायली न्यायालयाने या झोपलेल्या ट्रस्टवर नवे विश्वस्त नेमले. ते 'अतेरेत कोहानिम' या वसाहती करणाऱ्या संघटनेशी संबंधित होते. २००२ मध्ये सरकारी कस्टोडियनने जमीन ट्रस्टच्या नावे सोडली. त्यानंतर ऐंशीच्या आसपास कुटुंबांवर घर खाली करण्याचे दावे लागले आणि काहींना प्रत्यक्ष बाहेर काढण्यात आले.

आपल्यापैकी ज्यांनी विहाराचे, शाळेचे किंवा मंडळाचे काम केले आहे त्यांना हे लगेच कळेल. १९५० च्या कायद्याखाली आपल्या संस्था नोंदतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, स्थावर मालमत्ता विकायची तर परवानगी. ही कटकट कशासाठी आहे ते या गोष्टीत दिसते. ट्रस्टचे नाव तेच, दस्तऐवज तोच, शिक्का तोच, फक्त चार सह्या बदलल्या. गरिबांना छप्पर देण्यासाठी केलेली संस्था गरिबांचे छप्पर काढणारी झाली.

वसाहतवाल्यांची बाजू अशी की ही जागा मुळात ज्यूंची, दस्त खरे, कोर्टाचा निकाल आहे, शिवाय अनेक घरे रोख किंमत मोजून घेतली आहेत. दस्त खरे असतील. पण १९७० च्या ज्या इस्रायली कायद्याने ज्यूंना पूर्व जेरुसलेममधली १९४८ पूर्वीची मालमत्ता परत मागता येते, त्या कायद्याने पश्चिम जेरुसलेममधून १९४८ मध्ये बाहेर पडलेल्या पॅलेस्टिन्यांना आपले घर परत मिळत नाही. त्यांच्याकडेही दस्त आहेत, कित्येकांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या आहेत. एकाच शहरात एकाचा कागद चालतो, दुसऱ्याचा चालत नाही.

आणि वसवायला माणसे कोण? दर वेळी कट्टर श्रद्धेचेच लोक असतात असे नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल गेले त्यांना सरकारने बीरशेबा, दिमोना अशा वाळवंटी गावांत पाठवले. गोऱ्यांना पांढरा पाव आणि आम्हांला काळा, अशी त्यांची तक्रार होती. बीरशेबाच्या भारतीय ज्यूंनी धरणे धरले आणि शंभराहून अधिक जण एप्रिल १९५२ मध्ये मुंबईला परत आले. मागे राहिलेल्यांना विवाहासाठी पूर्ण ज्यू मानून घ्यायलाही ऑगस्ट १९६४ पर्यंत झगडावे लागले. ती गावे वादाच्या १९६७ च्या रेषेच्या अलीकडची. मणिपूर-मिझोरामच्या बेनी मेनाशे लोकांचे मात्र वेगळे झाले. त्यांना नेण्याचे काम 'शावेई इस्राएल' सारख्या खासगी संस्थांनी हाती घेतले, ख्रिस्ती देणगीदारांनीही विमानभाडे पुरवले. सुरुवातीच्या तुकड्यांतल्या बऱ्याच जणांना हेब्रोनजवळच्या किर्यात अर्बात आणि गाझामधल्या गुश कातिफमध्ये ठेवले, कारण तेथे घर स्वस्त आणि जागा द्यायला लोक तयार. ऑगस्ट २००५ मध्ये सरकारने गुश कातिफ खाली केले तेव्हा या बिचाऱ्यांनी दुसऱ्यांदा गाठोडी बांधली. डोंगरातून आलेल्या माणसाला काय माहीत की आपली खोली कोणत्या भांडणाच्या मधोमध आहे!

सीमेपलीकडून पैसा येणेच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनचा करुणा ट्रस्ट १९८० पासून तिकडे दारोदार फिरून वर्गणी गोळा करतो. त्यातून महाराष्ट्रात आपल्या मुलामुलींची वसतिगृहे उभी राहिली. ब्रिटिश करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे गिफ्ट एड योजनेतून तेथील सरकार २५ पेन्स भर घालते. म्हणजे आपल्या एखाद्या नर्स झालेल्या मुलीच्या शिक्षणात लंडनच्या बसड्रायव्हरचाही वाटा असतो. त्या बसड्रायव्हरला उद्या कोणी विचारले, तुझ्या पैशाचे काय झाले, तर दाखवायला वसतिगृह आहे, त्यातल्या मुली आहेत. कोणाला घराबाहेर काढून ते बांधलेले नाही.

काही ठिकाणी असे विचारणे सुरू झाले आहे. कॅनडाच्या कर खात्याने २०१९ मध्ये टोरोंटोच्या बेथ ओलोथ या संस्थेचा धर्मादाय दर्जा काढून घेतला. ऑगस्ट २०२४ मध्ये ज्यूइश नॅशनल फंडच्या कॅनडा शाखेची पाळी आली. इस्रायलमधल्या गरीब मजुरांना मजुरी देणे हा तिचा मूळ उद्देश. तो पार पडल्याचे पुरेसे कागद नाहीत आणि पैसा लष्करी तळांवरच्या कामांना गेला, असा खात्याचा आक्षेप होता. संस्थेला हे मान्य नव्हते, ती कोर्टात गेली. आमच्या विहाराचा ताळेबंद दरवर्षी मी लिहितो, त्यात मेणबत्त्यांचे आणि मंडपवाल्याचे व्हाउचर नसले तर ऑडिटर वही परत पाठवतो. तेव्हा मजुरांच्या हजेरीपटाशिवाय मजुरी कशी दाखवली असेल याचे मला नवल वाटते.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत २०२३ मध्ये एक विधेयक आले. वसाहतींना पैसा पुरवणाऱ्या तेथील धर्मादाय संस्थांवर खटला भरण्याची आणि त्यांना दहा लाख डॉलरपासून दंड करण्याची त्यात तरतूद होती. ते मंजूर झाले नाही. मांडणारे आमदार झोहरान ममदानी १ जानेवारी २०२६ रोजी न्यूयॉर्क शहराचे महापौर झाले. करसवलतीचा कायदा मात्र वॉशिंग्टनच्या संसदेचा आहे, महापौराच्या कचेरीत तो बदलत नाही.