ग्रँट डफने कागद जाळले? पुरावा दाखवा

१/ सातारचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि काम होताच मूळ कागद जाळून टाकले, ही कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. मात्र ती सिद्ध करणारा एकही समकालीन कागद आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही.

२/ डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात होता. त्याचा त्रिखंडात्मक ग्रंथ १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आपण वापरलेल्या हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे तो तळटिपांत नोंदवतो. परंतु पुढील अभ्यासकांना त्या नकला मिळाल्या नाहीत. डफवरील खरा आक्षेप येथे सुरू होतो: ज्या विधानाचा आधार ताडून पाहता येत नाही, ते विधान केवळ लेखकाच्या शब्दावर उभे राहते.

३/ नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ऐन तरुणपणी, या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली. आज विज्ञानात ज्याला ‘पिअर रिव्ह्यू’ म्हणतात, त्याचेच हे मराठी रूप. राज्यकर्त्याचा ग्रंथ म्हणून त्याला सूट मिळाली नाही.

४/ टीकेनंतरचे पाऊल सातारा-सांगलीच्या भूमीत पडले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढून पटवर्धनी दप्तरांतील पत्रे छापली. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी वाईत सापडलेल्या पत्रांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ चा काळ येतो.

५/ मूळ पत्र जसेच्या तसे छापणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावाही वाचकाच्या हाती देणे. राजवाड्यांनी पानिपतच्या अपयशाचे बरेचसे खापर गोविंदपंत बुंदेले यांच्या माथी फोडले. पुढे त्र्यं. शं. शेजवलकरांनी हे मत अमान्य केले. राजवाड्यांचा निष्कर्ष वादग्रस्त ठरला, तरी त्यांनी छापलेली पत्रे टिकली.

६/ संशोधनात चूक होणे हा गुन्हा नव्हे. आधार दडवणे, आधार कल्पून लिहिणे आणि चूक उघड झाल्यावरही तीच रेटणे, हे मात्र गैरवर्तनच. प्रयोगशाळेतील नोंदवहीला जो नियम लागू, तोच मोडी रुमालालाही लागू.

७/ मग हाच नियम कागद जाळल्याच्या कथेला का लावू नये? डफ परका होता, इंग्रज सत्तेचा अधिकारी होता, म्हणून त्याच्यावरील आरोपाला पुरावा लागत नाही, असे मानणारा मनुष्य कीर्तन्यांचा वारस म्हणवून घेऊ शकत नाही. आपल्याला सोयीची अफवा पुढे ढकलणे हे देशप्रेम नव्हे. तो इतिहासाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

८/ डफचे दोष दाखवण्यास त्याचा ग्रंथ पुरेसा आहे. त्यासाठी राखेची गरज नाही. खरे आणि राजवाडे गावोगावची दप्तरे धुंडाळत हिंडले ते कोणी बोट ठेवून ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर उत्तर देता यावे म्हणून. तो प्रश्न आपल्या लाडक्या कथांनाही विचारला गेला पाहिजे.