जीटी आणि फुलराणी

इंजिनीअरिंगला आल्यावर सगळ्यात आधी शिकलेली कला म्हणजे जीटी! काचेखाली बल्ब, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली. पहाटेपर्यंत काम फत्ते. फक्त त्याची चुकलेली डायमेन्शनही इमानदारीत आपल्या शीटवर उतरते.

परवा रूमवर 'ती फुलराणी' बघितलं. रूममेट म्हणाला, "पुलंनी शॉची जीटीच मारलीय की रे!" मला हे अजिबात पटलं नाही.

बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' 1913 चं, फुलराणी 1975 ची. गोष्ट तीच. भाषेचा प्रोफेसर फुलं विकणाऱ्या मुलीला 'शुद्ध' बोलायला शिकवतो. पण शॉची एलायझा बोलताना 'ह' खाते आणि लंडनमध्ये त्यावरून माणसाची पायरी ठरते. मराठीत 'ह' खाल्ला तर कोणाला काय फरक पडतो? इथे पायरी ठरते ती 'न' आणि 'ण' वरून. म्हणजे मंजुळेची भाषा शॉच्या पुस्तकात मिळणारच नव्हती, ती पुलंना इथल्या रस्त्यावरूनच आणावी लागली.

मी पनवेलजवळच्या गावातला. घरी आगरी बोलतो. पहिल्या सेमिनारला 'पानी' म्हणालो आणि मागचा बाक खिदळला. पुढे महिनाभर मी वर्गात एकही शंका विचारली नाही. मंजुळा चिडते तेव्हा मला लंडन नाही, तो सेमिनार आठवतो. जीटी मारून हे साधतं का?

आणि हे आजचं थोडंच आहे? महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठीच नाही, ती कालिदासाची भर! 1880 साली किर्लोस्करांनी तेच नाटक मराठीत गाजवलं. कोणी म्हणालं का 'ढापलं' म्हणून?

आपल्या गॅदरिंगला मात्र नेटवरची एकांकिका उचलायची, पात्रांची नावं बदलायची आणि मूळ लेखकाचं नावही घ्यायचं नाही, याला जीटीच म्हणतात. मित्रांनो, जुनं बिनधास्त घ्या. पण कोणाचं घेतलं ते सांगा, आणि आपल्या मातीतलं काहीतरी त्यात घाला.

यंदा मी शाकुंतलावर एकांकिका लिहितोय. माशाच्या पोटात अंगठी सापडते तो कोळी कालिदासाच्या नाटकातही संस्कृत नाही, प्राकृतच बोलतो. शिपाई त्याला चोर ठरवून हिणवतात. माझा कोळी आगरी बोलणार, आणि 'पानी'च म्हणणार. मागच्या बाकाला पहिल्या रांगेचं आमंत्रण!