मांडीवर कातडं, कातडं कमावणारा दाराबाहेर

'संगीताला जात नसते' असं कुणी म्हणालं की आम्ही एकच प्रश्न विचारतो. त्या मृदंगाचं कातडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी ताणून बसवलं? पुढे बहुधा शांतता होते. नाहीतर विषय रागदारीवर जातो.

गेल्या डिसेंबरात आम्ही चार कार्यकर्ते तीन दिवसांसाठी चेन्नईला जाऊन आलो. निघण्याआधी दोन टोमणे मिळाले. पहिला, 'चळवळ सोडून सहलीला?' दुसरा, 'तिथं द्रविड चळवळ होऊन गेली, पेरियार होऊन गेले, तिथं कसली जात शोधता?' दोन्हींना उत्तर द्यायचं म्हणून हा लेख.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीसेक सहकाऱ्यांसोबत स्थळदर्शनालाच निघाले होते. वेरूळची लेणी बघायची होती. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून काय गदारोळ झाला, ते त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे फिरायला जाणं हीसुद्धा आपल्यासाठी हक्काची गोष्ट होती आणि आहे. हेच बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. कार्यकर्त्याने कायम निवेदन घेऊन तहसीलच्या दारात उभं राहावं, आणि गाणं, समुद्र, संग्रहालय, रात्रीचं शहर हे सगळं 'त्यांच्या' मुलांसाठी सोडून द्यावं, हे कुणी ठरवलं?

दुसऱ्या टोमण्याचं उत्तर मात्र लांब आहे.

युनेस्कोने २०१७ साली चेन्नईला 'संगीताचं सर्जनशील शहर' म्हणून मान दिला. मान मिळाला तो मुख्यतः मार्गळी महिन्यातल्या संगीत हंगामाच्या नावावर. मार्गळी म्हणजे मध्य डिसेंबर ते मध्य जानेवारी. या दिवसांत मैलापूर, टी. नगर, टीटीके रोड या पट्ट्यात सकाळपासून रात्रीपर्यंत कच्चेऱ्या चालतात. कच्चेरी म्हणजे मैफल आणि 'सभा' म्हणजे ती भरवणारी संस्था. दुपारी नवोदित गातात, तेव्हा बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं. संध्याकाळी मोठी नावं येतात, मोठं तिकीट लागतं. सभेला लागूनच कॅन्टीन. केळीच्या पानावर शुद्ध शाकाहारी जेवण, वर फिल्टर कॉफी. जेवण उत्तम असतं, हे कबूल करायला आमची काही हरकत नाही.

पण आत काय चाललंय ते बघा. मृदंगाचं खोड फणसाच्या लाकडाचं, आणि तोंडांवर व वाद्यांना गाय, शेळी आणि म्हैस या तीन जनावरांचं कातडं. ते ओलं कातडं पारखणारी, साफ करणारी, तासन्‌तास ताणून स्वरात आणणारी घराणी मोठ्या प्रमाणात दलित ख्रिस्ती आहेत. बाहेर कॅन्टीनमध्ये अंड्यालाही मज्जाव आणि आत व्यासपीठावर गायीचं कातडं मांडीवर घेऊन भक्तिरस! गाय जिवंत असताना माता, मेल्यावर आमच्या माथी, आणि कमावून झाली की पुन्हा पवित्र. आपल्याकडे गोवंशाच्या नावाने माणसं मारणारे या मधल्या पायरीबद्दल कधी बोलतात का?

हे आम्ही पहिल्यांदा म्हणत नाही. गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्यांवर 'सेबास्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचं प्रकाशन कलाक्षेत्राच्या सभागृहात व्हायचं होतं. ऐनवेळी संस्थेने परवानगी काढून घेतली आणि कार्यक्रम पत्रकारितेच्या एका महाविद्यालयात करावा लागला. २०२४ मध्ये म्युझिक अकॅडमीने त्याच कृष्णांना 'संगीत कलानिधी' जाहीर केला, तेव्हा काही नामवंत कलाकारांनी त्या वर्षीच्या अकॅडमीच्या संमेलनातून अंग काढून घेतलं. कृष्णा जन्माने ब्राह्मण आहेत. ब्राह्मण माणसाने कातड्याविषयी लिहिलं तर एवढं, मग कातडं कमावणाऱ्याने स्वतः लिहिलं असतं तर? खरं तर त्याला कुणी त्या दारापर्यंतही येऊ दिलं नसतं, त्यामुळे परवानगी काढून घेण्याची वेळच आली नसती.

इथं आपल्या मराठी अभिमान्यांसाठी एक गोष्ट. तंजावरला शिवाजी महाराजांचे बंधू व्यंकोजी यांच्या वंशाचं राज्य होतं. सरफोजी दुसरे यांच्या दरबारातल्या चार भावांनी, म्हणजे 'तंजावर चौकडी'ने, पुढे भरतनाट्यम म्हणून ओळखल्या गेलेल्या नृत्याचा क्रम बांधून दिला. मराठी कीर्तनातून तिकडची हरिकथा घडली. हे आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. जरूर सांगा. फक्त ते चार भाऊ ब्राह्मण नव्हते, देवळात वाजवणाऱ्या-नाचणाऱ्या समाजातले होते, हेही त्याच दमात सांगा.

त्या समाजाचं पुढे काय झालं? मद्रासमध्ये १९२७ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या निमित्ताने संगीत परिषद भरली आणि तिच्यातून म्युझिक अकॅडमी उभी राहिली. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र काढलं. देवदासींचं 'सादिर' हे नृत्य धुऊन-पुसून 'भरतनाट्यम' झालं आणि प्रतिष्ठित घरांतल्या मुली ते शिकू लागल्या. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी समर्पणाला बंदी घालणारा कायदा आला. त्यासाठी झटलेल्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः त्याच समाजातली होती. प्रथा गेली हे चांगलंच झालं, त्यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. त्याच १९३६ साली परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनीही देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांना हे जिणं सोडा म्हणून सांगितलं होतं. फरक असा की बाबासाहेब त्या बायांना माणूस म्हणून बाहेर या म्हणत होते. मद्रासच्या सुधारकांतल्या अनेकांना नाच हवा होता, नाचणारी नको होती. एम. एस. सुब्बुलक्ष्मी, बालसरस्वती यांच्यासारख्या मोजक्या तिथून वर पोचल्या, त्यांची नावं आज ढालीसारखी पुढे केली जातात.

मग द्रविड चळवळ? तिचं ऋण आम्ही मानतो. तमिळनाडूत लोक आडनाव लावत नाहीत, नावापुढे एखादं आद्याक्षर असतं. आमच्यासारख्या, आडनाव सांगताच समोरच्याचे डोळे बदलताना पाहिलेल्यांना ते तीन दिवस फार हलके वाटले. पण एका सभेच्या कॅन्टीनमध्ये शेजारच्या गृहस्थांनी आम्हाला गाव विचारलं, मग गल्ली, मग 'घरी गाणं कुणाचं?' तिसऱ्या प्रश्नाला आम्ही 'आजोबा भीमगीतं गायचे' म्हटलं आणि गृहस्थ रस्सम भातात कालवू लागले. आडनाव गेलं तरी तपासणी जात नाही.

१९४० च्या दशकात राजा अण्णामलै चेट्टियारांच्या पुढाकाराने तमिळ इसै चळवळ झाली. तेलुगू-संस्कृत कृतींचं वर्चस्व मोडा, तमिळमध्ये गा, ही मागणी रास्तच होती. पण भाषा बदलली आणि परई? परई म्हणजे आपल्या हलगीची-डफाची सख्खी बहीण. परैयर या जातीचं नाव तिच्यावरून आलं असं मानतात, आणि इंग्रजीतला 'पारिया' हा शब्द तिथूनच जगभर गेला. ते वाद्य तमिळ इसैच्याही व्यासपीठावर मानाने बसलं नाही. ब्राह्मणेतर होणं आणि जातिअंत होणं यात अंतर असतं. महाराष्ट्रात सत्यशोधक चळवळीनंतर आपण ते मोजलेलं आहेच.

आता खरी रात्र सांगतो. चेन्नईत 'नाइट लाइफ' शोधणाऱ्याला लोक तारांकित हॉटेलांतले पब दाखवतात. आम्ही उत्तरेकडे गेलो. रॉयपुरम, कासिमेडू, व्यासरपाडी. बंदर, मासळी, गिरणी-गोदीचे कामगार, दलित वस्त्या. इथलं संगीत म्हणजे गाना. कुणी वारलं की रात्रभर मयताशेजारी बसून गायचं, जाणाऱ्याचं आयुष्य, त्याची व्यसनं, त्याचं प्रेम, सगळं गाण्यात. वाद्य म्हणजे हाताशी येईल ते. मद्रासी बोलीतले हे शब्द सभ्य तमिळांनाही कळत नाहीत, असं एका रिक्षावाल्या मित्राने अभिमानाने सांगितलं. नव्वदच्या दशकात संगीतकार देवा यांनी हा ठेका सिनेमात आणला आणि अख्खा तमिळनाडू त्यावर नाचला. नाचले सगळे. गाना गाणाऱ्याला भाड्याने घर द्यायची वेळ आली की पुन्हा तीच रिकामी खोली 'आत्ताच गेली'.

आणि याच शहरात ६ जानेवारी २०१८ रोजी किलपॉकच्या मैदानावर एकोणीस जणांचा एक बँड उभा राहिला, 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. दिग्दर्शक पा. रंजित यांचं नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार तेन्मा यांनी तो जमवला. गाना, परई, रॅप, रॉक एकत्र. आरक्षण, गोमांस, ऑनर किलिंग, सगळं थेट गाण्यात. त्यातल्या इसैवाणी या गाना गायिकेचं नाव २०२० साली बीबीसीच्या जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत आलं. गाना ही पुरुषांची मक्तेदारी होती, हे लक्षात घ्या.

बँडचं नाव कुठून आलं? पंडित अयोथी दास यांच्याकडून. आपल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? १८९८ साली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षं आधी, या माणसाने मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ काढला. १९०७ पासून रॉयपेट्टाहून 'ओरु पैसा तमिळन' हे पत्र चालवलं. आम्ही मूळचे बौद्ध, आम्ही जातिहीन तमिळ, अशी त्यांची मांडणी. पर्यटनाच्या पुस्तिकेत रॉयपेट्टाला बिर्याणी आहे, अयोथी दास नाहीत.

एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. पिसाळलेल्या नालागिरी हत्तीला तथागत शांत करतात ते गोल शिल्प तिथंच आहे. आम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतो. एकाच दगडात डावीकडे हत्तीच्या सोंडेत माणूस, घबराट, पळापळ आणि उजवीकडे तोच हत्ती गुडघे टेकून. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता आपल्यातलाच एक वाद. मित्रहो, काही जण म्हणतील, परई-हलगी ही गुलामीची खूण, ती फेकूनच द्यायला हवी. तमिळनाडूतही अनेक गावांत दलितांनी सवर्णांच्या मयताला परई वाजवायला नकार दिला आणि त्यासाठी मार खाल्ला. महाडनंतर आपल्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्याच जातीची ही लढाई. त्या नकारापुढे आम्ही मान झुकवतो. पण नकार कशाला होता? सक्तीला. दुसऱ्याच्या दारात, फुकट, उष्ट्याच्या मोबदल्यात वाजवण्याला. आपल्या व्यासपीठावर, आपल्या मुलींनी, आपल्या मर्जीने वाजवणं ही वेगळी गोष्ट आहे. तिथं काही पथकांत बायका परई वाजवतात आणि तिकीट लावून कार्यक्रम करतात.

तिकीट हा शब्द मुद्दाम वापरला. अरिवु या कवी-गायकाचं 'एन्जॉय एन्जामी' हे गाणं २०२१ मध्ये जगभर गाजलं. त्यात त्याच्या आजीचे, चहामळ्यांत राबलेल्या भूमिहीनांचे शब्द आहेत. त्याच वर्षी एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर या गाण्यातली सहगायिका आली, अरिवु मात्र नव्हता. २०२२ मध्ये चेन्नईतल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात ते गाणं झालं, तेव्हाही मंचावर अरिवु नव्हता. गाणं चालतं, गाणारा वगळता येतो. मृदंगासारखंच.

पण हा हिशेब आपण घरात तपासतो का? चौदा एप्रिलला डीजेच्या भिंतीला लाखभर रुपये रोख आणि आगाऊ जातात. वस्तीतल्या साठी ओलांडलेल्या शाहिराला मात्र शाल, नारळ आणि 'दादा, समाजाचं काम आहे' एवढंच. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव हिंडले, त्यांच्या पिढीचा तो त्याग होता. त्याग त्यांनी केला म्हणून आपण फुकट ऐकायची सवय लावून घ्यावी, हा कुठला न्याय? चेन्नईत नीलमने २०२० च्या डिसेंबरपासून, ऐन मार्गळीत, 'मार्गळीयिल मक्कळ इसै' म्हणजे मार्गळीतलं लोकांचं संगीत असा उत्सव सुरू केला. सभांच्या दारात जागा मागत बसले नाहीत.

आमच्या शहरातल्या दोन जयंती मंडळांपुढे आम्ही हा प्रस्ताव लेखी ठेवला आहे: डीजेच्या रकमेतले निम्मे पैसे गायक, ढोलकी-हलगीवाले आणि वाद्य बनवणारे कारागीर यांना मानधन म्हणून, आधी ठरवून, पावती घेऊन. एका मंडळाने 'पोरं ऐकणार नाहीत' म्हणून कळवलंय. दुसऱ्याची बैठक रविवारी आहे. ज्या पोरांच्या नावाने नकार आलाय, ती पोरं हे वाचत असतील तर त्यांनी बैठकीला यावं आणि स्वतः सांगावं.