उत्तीर्ण झाल्याचे वर्ष

पदवी तेजीत पदरात पडावी की मंदीत, हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि पुढच्या वर्षी पुण्या-बंगळुरातील कित्येक तरुण अभियंते नेमणूकपत्र हाती असूनही रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत घरी बसले. हा फटका वर्षभरात भरून निघत नाही. कॅनडातील पदवीधरांच्या अभ्यासात आढळले की, मंदीत बाहेर पडणाऱ्यांची सुरुवातीची मिळकत सुमारे ९ टक्क्यांनी कमी राहते आणि ती तूट भरून येण्यास १० वर्षे लागतात.

असे असता आमच्याकडील कित्येक कंपन्या नोकरभरतीत ‘केवळ चालू वर्षी उत्तीर्ण’ अशी अट घालतात! गतवर्षीचा पदवीधर म्हणजे काय शिळे अन्न आहे? कोविडच्या साथीत परीक्षा रखडल्या, तेव्हा महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांना एक जादा संधी दिली. शासनाच्या दिरंगाईवर आम्ही कमी कोरडे ओढलेले नाहीत. परंतु जे त्याला सुचले, ते खाजगी उद्योगांना सुचू नये, हे नवल होय. उद्योगसंघटनांनी आपल्या सभासदांना ही अट काढून टाकावयास लावावी. प्रवेशपरीक्षा हवी तितकी कठोर असो. तिला मागील तीन वर्षांच्या पदवीधरांना बसू द्यावे, एवढीच आमची मागणी आहे.