लेप तिथवर पोचत नाही



‘भातलावणीत पाय सुजला तर हळद-चुन्याचा लेप पुरे’ असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. मुका मार असेल तर ठीक. पण एकच पाय लालबुंद, गरम, ठणकणारा आणि जोडीला हुडहुडी, असे असेल तर तो बहुधा सेल्युलायटिस. हा त्वचेच्या खोल थरात शिरलेल्या जिवाणूंचा संसर्ग. लेप तिथवर पोचतच नाही. शिरायला त्यांना बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेची भेग किंवा काट्याचा ओरखडाही पुरतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. नंतर गाळ उपसताना अशा जखमा टाळायला किती जणांच्या पायांत गमबूट होते?

असा पाय त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. मधुमेहींनी तर नक्कीच. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. औषध सुरू असूनही लाली रेघेबाहेर सरकली, ताप चढला, फोड आले, कातडी काळपट पडली किंवा दिसते त्याहून वेदना फार असली, तर सकाळची एसटी धरू नका. पोलादपूर किंवा महाडचे ग्रामीण रुग्णालय रात्रीच गाठा. प्रतिजैविके वेळेत मिळाली तर बहुतेक जण घरीच बरे होतात. मात्र गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत आणि पाय उशीवर उंच ठेवायचा. चिखल्या तशाच राहिल्या तर पुढच्या लावणीला तोच पाय पुन्हा सुजू शकतो.

– एक वाचक, पोलादपूर